किल्ला कुणाचा, खर्च कुणाचा? ब्रिटिश राजघराण्याचं १९९२ साल

लोकांनी निवडून दिलेल्या सरकारला मुदत संपली की मतं मागायला जावं लागतं. राजाला किंवा राणीला कधीच जावं लागत नाही. जन्माने मिळालेलं पद मरेपर्यंत राहतं. मग लोक आपल्याबद्दल काय बोलतात, याची ब्रिटनच्या राजघराण्याला एवढी चिंता का असते? १९९२ हे एकच वर्ष नीट पाहिलं तरी याचं उत्तर मिळतं. या वर्षात राणी एलिझाबेथ यांच्या तीन मुलांचे संसार मोडले, त्यांचा आवडता किल्ला जळाला आणि वर्ष संपायच्या आत आपण प्राप्तिकर भरू, हे त्यांना मान्य करावं लागलं. या घटना सुट्या-सुट्या अनेकांना ठाऊक असतात. त्या एकमेकींत कशा गुंतल्या होत्या, ते मात्र सहसा सांगितलं जात नाही.

आधी थोडं मागचं. ब्रिटनमध्ये राज्य चालवतात ते पंतप्रधान आणि संसद. विधेयकाला राजाची किंवा राणीची संमती लागते, संसदेचं अधिवेशन त्यांच्या भाषणाने सुरू होतं, पंतप्रधान दर आठवड्याला त्यांना भेटायला जातात. पण निर्णय त्यांचे नसतात. सत्ता हातात नाही, त्यामुळे चुकलेल्या धोरणाचा दोष येत नाही आणि फळलेल्या धोरणाचं श्रेयही मिळत नाही. उद्या संसदेने ठरवलं तर कायदा करून राजपदच रद्द करता येईल. ते होत नाही, कारण हे घराणं असावं असं बहुसंख्य लोकांना वाटतं. लोकांचं हे वाटणं हेच घराण्याचं खरं भांडवल. प्रतिमा म्हणतात ती हीच.

ही प्रतिमा कशावर उभी असते, हे वॉल्टर बॅजट या पत्रकाराने १८६७ सालीच लिहून ठेवलं होतं. एक, सिंहासनावर अख्खं कुटुंब असणं लोकांना भावतं. राज्यकारभार कळला नाही तरी लग्न, बाळंतपण, आजारपण सगळ्यांना कळतं. दोन, राजपदाच्या जादूवर उजेड पडू देऊ नये, कारण उजेडात जादू टिकत नाही. दोन्ही निरीक्षणं अचूक आहेत आणि अडचण हीच आहे की दोन्ही एकाच वेळी पाळता येत नाहीत. कुटुंब लोकांना दाखवायचं असेल तर उजेड आत येणारच.

विसाव्या शतकात राजवाड्याने कुटुंब दाखवायचा रस्ता धरला, आणि तोही बराचसा नाइलाजाने. पहिल्या महायुद्धात जर्मनांविरुद्ध संताप उसळला तेव्हा पाचव्या जॉर्जनी १९१७ साली घराण्याचं जर्मन नाव टाकून ‘विंडसर’ हे नाव घेतलं. १९३६ साली आठवे एडवर्ड घटस्फोटित वॉलिस सिम्पसन यांच्याशी लग्न करण्यासाठी सिंहासन सोडून गेले. त्यांच्या जागी आलेले त्यांचे धाकटे भाऊ सहावे जॉर्ज, त्यांची पत्नी आणि दोन लहान मुली (थोरली एलिझाबेथ, धाकटी मार्गारेट) असं चौकोनी कुटुंब लोकांसमोर आलं, आणि युद्धाच्या काळात ते लोकांच्या मनात घट्ट बसलं. १९५५ साली राजकन्या मार्गारेट यांनी घटस्फोटित पीटर टाउनसेंड यांच्याशी लग्न न करण्याचा निर्णय जाहीर केला. आदर्श कुटुंबाची किंमत अशी माणसांनी मोजली होती. १९६९ साली तर राजवाड्याने स्वतःच कॅमेरा आत बोलावला आणि राजघराण्याच्या घरगुती आयुष्यावरचा माहितीपट टीव्हीवर आला. कोट्यवधी लोकांनी तो पाहिला. पुढे राजवाड्याने तो प्रसारणातून काढून घेतला, पण एकदा पाहिलेलं कुणी विसरत नाही. १९८१ साली राणीचे थोरले पुत्र चार्ल्स आणि डायना यांचं लग्न जगभर प्रक्षेपित झालं, तेव्हा कुटुंब दाखवण्याचा हा प्रवास कळसाला पोचला होता.

म्हणून १९९२ मध्ये जे झालं त्याचं सगळं खापर वृत्तपत्रांवर फोडणं मला पटत नाही. वृत्तपत्रं निर्दयपणे वागली, हे खरं. पण ‘आमचं कुटुंब पाहा’ हे आमंत्रण राजवाड्याचं होतं.

वर्षाची सुरुवात चांगली झाली होती. ६ फेब्रुवारीला राणीच्या राज्यारोहणाला चाळीस वर्षं झाली. बीबीसीने त्या दिवशी तिच्या कामकाजावरचा माहितीपट दाखवला. त्यात फाइली वाचणारी, पाहुण्यांना भेटणारी, कामात बुडालेली बाई दिसली. पाचच दिवसांनी, ११ फेब्रुवारीला, आग्र्याहून एक छायाचित्र जगभर गेलं: ताजमहालासमोरच्या बाकावर एकटी बसलेली डायना. त्या दिवशी चार्ल्स यांचा कार्यक्रम दुसरीकडे होता. एरवी ही वेळापत्रकातली साधी बाब ठरली असती. पण १९८० साली, लग्नाआधी, चार्ल्स याच ठिकाणी आले होते आणि एक दिवस पत्नीला घेऊन इथे येईन, असं बोलून गेले होते. छायाचित्रकारांना ते आठवत होतं, आणि डायनालाही. प्रतिमेच्या बाबतीत तिची समज राजवाड्यातल्या कुणाहीपेक्षा तल्लख होती, असं मला वाटतं. अख्खा माहितीपट जे सांगू शकला नाही ते त्या एका चित्राने सांगितलं, आणि राजवाड्याला त्यावर खुलासाही करता येईना.

१९ मार्चला राणीचे पुत्र प्रिन्स अँड्र्यू आणि त्यांच्या पत्नी सारा वेगळे होत असल्याची घोषणा झाली. २३ एप्रिलला राणीची मुलगी राजकन्या ॲन यांचा मार्क फिलिप्स यांच्याशी घटस्फोट झाला.

७ जूनपासून ‘संडे टाइम्स’मध्ये अँड्र्यू मॉर्टन यांच्या डायनावरील पुस्तकातले भाग छापून यायला लागले. दुःखी संसार, खाण्याशी जडलेला आजार, आत्महत्येचे प्रयत्न, नवऱ्याचं दुसऱ्या स्त्रीशी असलेलं नातं, असं सगळं त्यात होतं. यात तुझा हात आहे का, असं राणीचे खासगी सचिव रॉबर्ट फेलोज यांनी डायनाला विचारलं. ते तिच्या सख्ख्या बहिणीचे पती. तिने नाही म्हटलं. त्या भरवशावर वृत्तपत्रांच्या तक्रारी पाहणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षांनी पत्रकारांवर कडक शब्दांत टीका केली. आणि लगेच डायना एका मैत्रिणीच्या घरी गेली; याच मैत्रिणीने पुस्तकासाठी उघड नावानिशी माहिती दिली होती. छायाचित्रकारांना आधीच खबर होती. याचा अर्थ सगळ्यांना कळला. फेलोज यांनी राजीनामा देऊ केला. पुस्तकासाठी डायनाने स्वतः ध्वनिफितींवर बोलून मजकूर पुरवला होता, हे तिच्या मृत्यूनंतर उघड झालं.

एखादी संस्था माध्यमांना तोंड देते ती एका आवाजात. राजवाड्याचा शिरस्ता होता की खासगी गोष्टींवर बोलायचं नाही. तक्रार नाही, खुलासा नाही. हा शिरस्ता चालतो तो घरातले सगळेजण गप्प बसले तरच. एकजण बोलू लागला की बाकीच्यांच्या मौनाचा अर्थ बदलतो. आतापर्यंत ते भारदस्त वाटत होतं. जूननंतर ते कबुलीसारखं दिसायला लागलं.

ऑगस्टमध्ये दोन धक्के चार दिवसांच्या अंतराने आले. २० तारखेला सारा आणि तिचा आर्थिक सल्लागार यांची सुट्टीतली खासगी छायाचित्रं एका वृत्तपत्राने छापली. त्यांच्या तपशिलात शिरण्याची इथे गरज नाही. २४ तारखेला ‘सन’ या वृत्तपत्राने डायना आणि तिचा एक मित्र यांचं फोनवरचं संभाषण छापलं. ते १९८९ सालच्या ३१ डिसेंबरचं होतं. त्या काळचे मोबाइल फोन ॲनालॉग होते, बोलणं सांकेतिक करून पाठवण्याची सोय त्यांत नव्हती, आणि बाजारात मिळणारा रेडिओ स्कॅनर असला की कुणालाही ते ऐकता यायचं. कुणाचंही खासगी बोलणं असं चव्हाट्यावर यावं, हे मला आजही अन्यायाचं वाटतं. पण त्या वर्षी हा मुद्दा ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत फार थोडे लोक होते.

याचं कारण राजवाड्याबाहेर होतं. ब्रिटनमध्ये मंदी होती. बेकारांची संख्या तीस लाखांच्या जवळ चालली होती, हप्ते थकल्याने घरं जप्त होत होती. १६ सप्टेंबरला पौंड इतका कोसळला की युरोपीय चलनांचे परस्पर दर बांधून ठेवणाऱ्या व्यवस्थेतून ब्रिटनला बाहेर पडावं लागलं. ज्याचं घर जप्तीला आलंय, तो माणूस राजवाड्यातल्या भानगडी वाचताना नुसती करमणूक करून घेत नाही. यांच्यावर खर्च होणारा पैसा आपला आहे, हेही त्याला आठवतं.

विंडसरची आग

२० नोव्हेंबर. राणी आणि प्रिन्स फिलिप यांच्या लग्नाचा पंचेचाळिसावा वाढदिवस. फिलिप अर्जेंटिनात होते. सकाळी साडेअकराच्या सुमारास विंडसर किल्ल्यातल्या खासगी प्रार्थनागृहात दिव्याच्या उष्णतेने पडदा पेटला. जुन्या छतांमधल्या पोकळ्यांतून आग पसरत गेली आणि पंधरा तास चालली. दोनशेहून अधिक जवान ती विझवत होते. किल्ल्यातल्या शंभराहून जास्त खोल्यांचं नुकसान झालं, सेंट जॉर्जेस हॉलचं छत गेलं. विजेच्या तारा बदलण्याचं काम चालू असल्याने अनेक दालनं आधीच रिकामी केलेली होती. बाकीच्या वस्तू नोकरचाकर आणि सैनिकांनी रांगा लावून बाहेर काढल्या. प्रिन्स अँड्र्यूही त्यांत होते. त्यामुळे कलाकृतींची हानी आश्चर्य वाटावं इतकी कमी झाली. जी गेली तीत तिसऱ्या जॉर्जचं घोड्यावरचं एक चित्र होतं. ते इतकं प्रचंड होतं की हलवणंच जमलं नाही.

अंगात रेनकोट, डोक्यावर टोपडं, समोर धुराने काळवंडलेल्या भिंती: सहासष्ट वर्षांच्या राणीचं हे छायाचित्र दुसऱ्या दिवशी सगळीकडे होतं. त्या दिवशी लोकांना तिच्याबद्दल मनापासून वाईट वाटलं. वर्षभरात पहिल्यांदाच सहानुभूती तिच्या बाजूला आली होती.

ती दोन-तीन दिवसही टिकली नाही. सरकारमधले राष्ट्रीय वारसा खात्याचे मंत्री पीटर ब्रुक यांनी जाहीर केलं की किल्ल्याचा विमा नाही आणि दुरुस्तीचा खर्च सरकार करेल. खर्चाचे अंदाज कोट्यवधी पौंडांचे होते. लोक भडकले. एका स्तंभलेखिकेने लिहिलं: किल्ला उभा असतो तेव्हा तो त्यांचा, आणि जळतो तेव्हा आपला.

इथे जरा थांबून कायदा पाहायला हवा, कारण गोंधळ इथेच होतो. विंडसर किल्ला राणीच्या खासगी मालकीचा नव्हता. बकिंगहॅम राजवाड्यासारखाच तो राजपदाच्या नावे आहे. राणीला तो विकता आला नसता. अशा वास्तूंची देखभाल सरकारी खर्चाने होत असे आणि त्यांचा विमा न उतरवणं हे सरकारचंच धोरण होतं. याउलट सँडरिंगहॅम आणि बॅलमोरल या राणीच्या खासगी मालमत्ता. म्हणजे ब्रुक जे बोलले ते नियमाला धरूनच होतं. तरीही लोकांचा राग मला रास्त वाटतो. किल्ल्यात राहणारं, तिथे मेजवान्या देणारं कुटुंब श्रीमंत होतं, आणि १९९२ साली त्या कुटुंबाची प्रमुख प्राप्तिकर भरत नव्हती. मालकी कागदावर कुणाची आहे हे सांगून त्या प्रश्नाचं उत्तर मिळत नव्हतं.

प्राप्तिकराची ही सूट पूर्वापार चालत आलेली परंपरा आहे, असा तेव्हा बऱ्याच जणांचा समज होता. तो चुकीचा होता. १८४२ साली प्राप्तिकर पुन्हा लागू झाला तेव्हा राणी व्हिक्टोरियाने तो भरण्याचं मान्य केलं होतं. पुढे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, सरकारशी झालेल्या समझोत्यांतून, राजांना टप्प्याटप्प्याने सूट मिळत गेली आणि सहाव्या जॉर्ज यांच्या काळात ती पूर्ण झाली. एलिझाबेथ यांना ती वडिलांकडून जशीच्या तशी मिळाली.

सरकारकडून मिळणाऱ्या रकमेचाही असाच घोळ आहे. तिला तेव्हा ‘सिव्हिल लिस्ट’ म्हणत. १७६० साली तिसऱ्या जॉर्जनी राजपदाच्या जमिनींचं उत्पन्न सरकारजमा केलं आणि त्याबदल्यात संसदेने राजघराण्याचा खर्च उचलला. १९९० साली ही रक्कम दहा वर्षांसाठी दरसाल ७९ लाख पौंड ठरली होती. राजघराण्याचे पाठीराखे म्हणतात, सरकारला या जमिनींतून मिळतं त्यापेक्षा हे कितीतरी कमी आहे. विरोधकांचं म्हणणं, त्या जमिनी राजाच्या खासगी कधी नव्हत्याच, त्या राज्याच्या होत्या. मला दुसरी बाजू अधिक बळकट वाटते. राजपद उद्या गेलं तर या जमिनी कुटुंबाकडे जाणार नाहीत.

२४ नोव्हेंबरला, आगीनंतर चारच दिवसांनी, लंडनच्या गिल्डहॉलमध्ये राणीच्या सन्मानार्थ भोजन होतं. तिला सर्दी झालेली, आवाज बसलेला. तिथे तिने या वर्षाला ‘ॲनस हॉरिबिलिस’, म्हणजे भयंकर वर्ष, असं म्हटलं. हे लॅटिन शब्द एका हितचिंतकाच्या पत्रातून घेतल्याचंही तिने सांगितलं. जगाच्या लक्षात राहिले ते हेच दोन शब्द. माझ्या मते त्या भाषणातला महत्त्वाचा भाग दुसराच होता. कोणत्याही संस्थेने, मग ते राजपद का असेना, आपली तपासणी होणार नाही अशी अपेक्षा धरू नये, असं ती म्हणाली. फक्त ती तपासणी थोड्या हळुवारपणे, समजुतीने झाली तर तितकीच परिणामकारक होते, अशी पुस्ती तिने जोडली. चाळीस वर्षं तक्रार न करणाऱ्या बाईने एवढं बोलणं हे खूप होतं.

पण भाषणाने काही बदललं नसतं. बदललं ते दोन दिवसांनी. २६ नोव्हेंबरला पंतप्रधान जॉन मेजर यांनी संसदेत सांगितलं की १९९३ पासून राणी आणि चार्ल्स स्वेच्छेने करआकारणीला सामोरे जातील; आणि राणी, फिलिप व राजमाता वगळता घरातल्या इतरांना मिळणाऱ्या रकमा राणी स्वतःच्या पैशातून सरकारला परत करील. या बदलाची बोलणी आग लागण्याच्या कितीतरी आधीपासून चालू होती. हीच घोषणा फेब्रुवारीत, राज्यारोहणाच्या चाळिसाव्या वर्षी झाली असती, तर तिचं औदार्य म्हणून कौतुक झालं असतं. नोव्हेंबरच्या अखेरीस तीच गोष्ट लोकांनी दबाव आणून मिळवल्यासारखी दिसली. राजवाड्याचं त्या वर्षीचं सर्वांत मोठं अपयश कुठलं, असं विचारलं तर मी या उशिराकडे बोट दाखवेन. मुलांच्या लग्नांवर राणीचा ताबा नव्हता, कराच्या घोषणेच्या तारखेवर होता.

वर्ष अजून संपलं नव्हतं. ९ डिसेंबरला मेजर पुन्हा उभे राहिले आणि चार्ल्स व डायना विभक्त होत असल्याचं त्यांनी सांगितलं. घटस्फोटाचा विचार नाही, वारसाहक्कावर परिणाम नाही आणि पुढे डायनाचा राणी म्हणून राज्याभिषेक न होण्याचं कारण नाही, असंही ते म्हणाले. हे शेवटचं वाक्य ऐकून सभागृह चकित झालं. तीनच दिवसांनी ॲन यांनी स्कॉटलंडमध्ये बॅलमोरलजवळच्या चर्चमध्ये टिमोथी लॉरेन्स यांच्याशी लग्न केलं. इंग्लंडच्या चर्चमध्ये घटस्फोटितांच्या पुनर्विवाहाला तेव्हा सहसा परवानगी नसे, स्कॉटलंडच्या चर्चमध्ये होती. आणि इंग्लंडच्या चर्चची प्रमुख खुद्द वधूची आई. नाताळला राणीचं भाषण प्रसारित होण्याआधीच ‘सन’ने ते छापून टाकलं. यावेळी राणीने स्वामित्वहक्काच्या कायद्याचा आधार घेतला आणि वृत्तपत्राला दोन लाख पौंड धर्मादाय कामासाठी द्यावे लागले.

त्यानंतर काय बदललं

कुटुंबाची कथा पुढे आणखी कडू होत गेली: १९९६ मध्ये चार्ल्स-डायना घटस्फोट, १९९७ मध्ये पॅरिसमध्ये तिचा मृत्यू. पैशाची बाजू मात्र राजवाड्याने खरोखर सुधारली. ७ ऑगस्ट १९९३ ला बकिंगहॅम राजवाड्याची दालनं आठ पौंडांच्या तिकिटावर लोकांसाठी खुली झाली. विंडसरच्या दुरुस्तीला सुमारे ३ कोटी ६५ लाख पौंड लागले आणि त्यातले सुमारे ७० टक्के या तिकिटांतून आणि विंडसरच्या प्रवेशशुल्कातून उभे राहिले. करदात्यांकडून वेगळा निधी मागावा लागला नाही. लोक तिकीट काढून आले, आपल्याच देशाचा राजवाडा आतून पाहून गेले आणि काम बरोबर पाच वर्षांत, २० नोव्हेंबर १९९७ ला पूर्ण झालं. मला यात प्रतिमा सावरण्याचा सर्वांत प्रामाणिक प्रयत्न दिसतो, कारण त्यात कुणाला काही पटवून द्यायचं नव्हतं. दारं उघडायची होती आणि बिल भरायचं होतं. त्याच दिवशी, लग्नाच्या सुवर्णमहोत्सवी भोजनात, राणीने सांगितलं की राजकारण्यांना लोकांचं मत मतपेटीतून कळतं, राजघराण्याला ते वाचणं जास्त अवघड जातं; पण ते वाचावंच लागतं.

सगळं वाचून झालेलं नाही. १९९३ च्या समझोत्यात एक कलम आहे: एका राजाकडून दुसऱ्या राजाकडे जाणाऱ्या मालमत्तेवर वारसा कर नाही. राजाला निवृत्त होता येत नाही, धंदा करता येत नाही, त्यामुळे दर पिढीला कर लावला तर खासगी मालमत्ता झिजत संपेल, असं कारण तेव्हा दिलं गेलं. ८ सप्टेंबर २०२२ ला एलिझाबेथ गेल्या आणि सँडरिंगहॅम, बॅलमोरल याच कलमाखाली चार्ल्स यांच्याकडे आले. ब्रिटनमध्ये इतर वारसांना ठरावीक मर्यादेपुढच्या मालमत्तेवर साधारणपणे ४० टक्के कर भरावा लागतो. राजपदाच्या वास्तूंना ही सूट असणं समजू शकतं. खासगी जमीनजुमल्याला ती का असावी, याचं पटेल असं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. हे कलम चार्ल्स यांनी स्वतःहून सोडावं, आणि तेही कुणी मागायच्या आत.